एकटी हिरवी बाग

१

"ताई, बाग कापली," बुद्धभूषण फोनवर म्हणाला.

कोणाची बाग, हे मी विचारलं नाही. गेले काही आठवडे आमच्या बोलण्यात एकच बाग होती. सावद्याजवळच्या धामणखेड्यातली, लीलाधर आबांची केळीची बाग. बुद्धभूषणचा तेवढाच आधार उरला होता आणि शनिवारच्या रात्रीत कोणीतरी तो आडवा केला होता.

"सगळी कापली?"

"नाही. मधला पट्टा. नेमका तोच. आत्ता बघून आलो." मग तो कचेरीतली भाषा सोडून शिंदखेड्याच्या घरच्या बोलीवर आला. "आते बठ्ठं सरी गयं ताई. गुरुवारले मी काय दखाडू?" सगळं संपलं, गुरुवारी दाखवू काय, असं तो विचारत होता.

मी धुळ्याला देवपुरात राहते. सरकारच्या सांख्यिकी खात्यातून निवृत्त झाले. रागीट बाई म्हणून खात्यात माझं नाव होतं आणि ते मी मेहनतीनं कमावलं होतं. बुद्धभूषण बैसाणे माझ्या हाताखाली घडलेला सरकारी अर्थतज्ज्ञ. सरकारी अर्थतज्ज्ञ म्हटलं की लोकांना टीव्हीवर बजेटच्या दिवशी बोलणारा सूटवाला दिसतो. खरा असतो तो जिल्ह्याच्या गावी कुरकुरत्या पंख्याखाली बसून, योजना कोणाला पोचली नाही आणि का पोचली नाही, याचा शोध घेत असतो. पोरगा त्यात तरबेज होता.

पूर्वी थंडीनं केळी गेली की पंचनामा व्हायचा. ज्याच्या ओट्यावर साहेब बसायचे त्याचं नुकसान जास्त भरायचं. बुद्धभूषणनं ही पद्धत बदलायची योजना मांडली. मंडळातल्या दहा-बारा गावांत मिळून एक हवामान केंद्र बसवायचं, म्हणजे तापमान नोंदवणारं यंत्र. त्यावर पारा ठरलेल्या अंशाखाली सलग तीन दिवस गेला, की मंडळातल्या सगळ्यांना विम्याची भरपाई. कोणी कोणाच्या पाया पडायला नको. "यंत्राला नातेवाईक नसतात," असं तो म्हणायचा. योजना मंजूर झाली तेव्हा त्यानं मला जळगावहून भरीत पाठवलं होतं.

या जानेवारीत सातपुड्यावरून अशी थंडी उतरली की मंडळातली केळी पिवळी पडून खुंटली. आजूबाजूच्या मंडळांतल्या यंत्रांवर पारा घसरला. धामणखेड्याच्या यंत्रावर मात्र तो घसरलाच नाही. बारा गावांना भरपाई नाकारली गेली. त्यातच थंडीच्या दिवसांत बुद्धभूषण त्या यंत्राशी उभा असल्याचा फोटो गावोगावच्या मोबाइलवर फिरला. विमा कंपनीकडून खाऊन साहेबानं यंत्र फिरवलं, हे पोरासोरांच्याही तोंडी झालं. त्याला निलंबित केलं. गुरुवारी जळगावला चौकशी होती. आरोप टिकला असता तर नोकरी जाऊन वर फौजदारी झाली असती.

त्याचा बचाव एवढाच होता की यंत्राशेजारची आबांची बाग हिरवी आहे. म्हणजे यंत्र बरोबर बोलत होतं, पण फक्त तेवढ्याच जागेपुरतं. तेवढ्याच जागी ऊब का राहिली, हे तो मलाही सांगत नव्हता. "आधी आबांच्या कानावर घालतो, मग सोमवारी पाहणीच्या पथकासमोर बोलतो," एवढंच म्हणाला होता.

"आणि ताई," फोन ठेवताना तो म्हणाला, "काल संध्याकाळी त्या बागेत गेलेला शेवटचा परका माणूस मीच आहे. पाहणीत पितळ उघडं पडू नये म्हणून मीच कापली, असं लोक म्हणताहेत."

२

धुळ्याहून जळगाव, तिथून भुसावळवरून सावदा. बसनं माझी कंबर पार खिळखिळी केली. धामणखेड्यात पोचले तोवर दुपार झाली होती.

बाग बघवत नव्हती. दोन्ही बाजूंना थंडीनं पिवळी पडलेली केळी उभी आणि मधोमध एक पट्टा भुईसपाट. कोवळे घड मातीत पडलेले, खोडांतून पाणी गळतंय. तो पट्टा उत्तरेच्या बांधापासून सुरू होऊन यंत्राच्या कुंपणाला दोन्ही अंगांनी घेत दक्षिणेच्या बांधापर्यंत गेला होता आणि बांधावर तुटला होता. पलीकडे पुना भाऊची बाग. तिथल्या एकाही खोडाला धक्का नव्हता.

"कंपनीनं कापली, दुसरं कोन?" लीलाधर भंगाळे बाजेवर बसल्या बसल्या म्हणाले. पांढरे कपडे, भारदस्त आवाज. भरपाईसाठी बारा गावांचं आंदोलन चाललं होतं, त्याचे हेच पुढारी. यंत्रासाठी जागाही त्यांनीच फुकट दिली होती. "बागीचा पुरावा व्हनार व्हता ना, म्हनून. पकडला बी आमी त्यांचा मानूस. सकायीच इथं घुटमयत व्हता."

त्यांची बायको कमलबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी तांब्या ठेवला.

"काल बैसाणे साहेब काय बोलले तुमच्याशी?" मी विचारलं.

"काय बोलनार? सोमवारी पाहनी हाये म्हने."

"बाग हिरवी का राहिली, हे नाही सांगितलं?"

आबांनी वर बोट केलं. "देवाची दया," म्हणाले.

मी कापलेल्या पट्ट्यात उतरले आणि दोन पावलांत माझ्या चपला चिखलात रुतल्या. पातळाचा काठ भिजला. नव्या चपला होत्या, त्यामुळे मी सरळ आबांवर तोंड टाकलं, की निदान आज तरी पाणी बंद ठेवायचं होतं. कमलबाई पुढे झाल्या आणि माझ्या चपला स्वतः धुऊन आणते म्हणाल्या. हात धरून त्यांनी मला पट्ट्याबाहेर घेतलं. घरात मरण झाल्यासारखं झालं असताना पाहुणीची काळजी घेताहेत, असं मला तेव्हा वाटलं.

तेवढ्यात सरपंचाचा माणूस धावत आला. पकडलेल्या पोराच्या शर्टावर केळीच्या चिकाचे डाग सापडले होते आणि लोक त्याला चौकीच्या दारातच मारत होते.

३

कंपनीचा म्हणून पकडलेला अखिल छाजेड सावद्याच्या चौकीत बाकावर बसला होता. ओठ फुटलेला, चष्म्याची एक काडी गायब. धुळ्याचा पोरगा. हवामान केंद्रांची साफसफाई करायचं काम त्याच्याकडे होतं. मी धुळ्याची आहे म्हटल्यावर त्याला रडूच आलं.

"मॅडम, मी रात्री धुळ्यात होतो. बहिणीच्या साखरपुड्यात. तिला, जिनलला विचारा, फोटो आहेत. पहाटे निघून आलो."

"कशाला पहाटे मरायला आलास?"

"सोमवारी पाहणी ना? यंत्र स्वच्छ दिसायला हवं. मी बागेतूनच शिरतो नेहमी. आत पाय टाकला तर सगळं आडवं पडलेलं. त्यातनं वाट काढताना डाग लागले."

केळीचा चीक कपड्याला लागला की तो कपडा फाटेपर्यंत जात नाही. त्या भागातल्या प्रत्येक माणसाच्या अंगावर तो असतो. नेमका परक्या पोराच्या शर्टावरचा डाग तेवढा गुन्हेगार ठरला.

"यंत्र पुसलंस?"

"कुठे! त्याआधीच धरलं त्यांनी. यंत्रावर चढलेली ती काजळी पुसायला तास लागतो मॅडम. बाकीच्या केंद्रांवर नुसती धूळ असते."

मी फौजदाराला साखरपुड्याचे फोटो बघायला लावले. अखिलचे फोटो रात्री उशिरापर्यंतचे होते, त्यात तो जिलेबी वाढत होता. पोरगा सुटला. मी पुढे केळीचे व्यापारी निर्मलकुमार शेठ यांच्या गादीवर गेले. त्यांनी आबांच्या बागेचा सौदा आधीच करून ठेवला होता, आणि नंतर भाव पडला होता. बाग नाहीशी झाली तर सौद्यातून सुटका. गावात दुसरा संशय त्यांच्यावर होता.

शेठ हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "ताईसाहेब, मंडळातला सगळा माल बाद. एकाच बागेत चांगला घड. तो मी परदेशी धाडणार होतो. माझ्या ताटातला घास मीच मातीत टाकीन?" मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मी सकाळीच माणूस पाठवला होता. म्हटलं, पडलेले घड तरी उचलू, आबांना दोन पैसे सुटतील. तर आबांनी माझ्या माणसाला बांधावरनंच परत लावलं. आत पायच टाकू दिला नाही."

"का?"

"म्हणाले, आत तुडवातुडव नको."

आता कापून पडलेल्या बागेत कोणी तुडवलं तर काय बिघडणार होतं?

४

तिसरा संशय पुना भाऊवर होता. आबांशी त्याचा बांधावरून कज्जा, घरांत वर्षानुवर्षं बोलणं नाही. बागच कापली गेल्यामुळे सोमवारची पाहणी रद्द झाली होती. त्या सकाळी मी गेले तेव्हा पुना आपल्या बागेत पिवळी पानं उतरवत होता.

"मी कापली म्हनता? मंग इतल्या दिवसांत कापली नसती का? आन मले राग त्याचा हाये, केयीचा नही."

मला ते पटलं. पण माझं लक्ष त्याच्या मागे होतं. बांधालगतच्या त्याच्या काही ओळी हिरव्या होत्या. बाकी बाग पिवळी, आणि हिरवी तेवढीच, जिथं आबांचा कापलेला पट्टा बांधाला येऊन भिडत होता त्याच्या बरोबर समोर. हिरवा पट्टा बांधावर संपला नव्हताच. कापणारा बांधावर थांबला होता.

"पुना भाऊ, तुमच्या या ओळी कशा वाचल्या?"

"मले काय ठावं? थंडीत पहाटंपहाटं त्यांच्याकडून धूर यायचा. डोये चुरचुरायचे. म्हनलं, हे बी मुद्दाम करतात."

मी त्याच पावली यंत्राशी गेले. यंत्राभोवती पांढऱ्या तबकड्या असतात, एकावर एक रचलेल्या. दक्षिणेकडून त्या पांढऱ्या होत्या. उत्तरेकडून, सातपुड्याच्या अंगाला, तबकड्यांच्या खालच्या कडा काळ्या. बोट फिरवलं तर काजळी बोटाला आली. उत्तरेचा बांध मी चपलेच्या टोकानं उकरला. वर ताजी माती ओढलेली होती आणि खाली राख.

मग आठवलं. थंडीत जिल्ह्याच्या कचेरीतून सगळ्यांच्या मोबाइलवर सल्ला आला होता. केळी वाचवायला पहाटे बांधावर काडीकचरा जाळून धूर करा. तो मजकूर ठरवणाऱ्या समितीत बुद्धभूषण होता. तो फोटो काढला गेला त्या दिवशी तो याच सल्ल्यासाठी गावोगाव हिंडत होता. आबांच्या घरानं ऐकलं. वारा उत्तरेचा. ऊब त्यांच्या बागेवरून, यंत्रावरून, थेट पुनाच्या बांधालगतच्या ओळींपर्यंत गेली. बारा गावं गारठली आणि यंत्र मात्र शेकोटीला बसून राहिलं.

बाग हिरवी का, ते कळलं. कोणी कापली, ते अजून कळायचं होतं. मी परत त्या पट्ट्यात उतरले आणि पुन्हा चिखलात रुतले. ठिबकचं पाणी आजही चालू होतं. कालचा माझा राग ऐकूनही चालू होतं.

मेलेल्या खोडांना पाणी कोण देतं?

मी वाकून बघितलं. केळीच्या बुंध्याशी एक पील राखतात. मोठं झाड गेलं की त्याच पिलावर पुढची बाग धरते. इथे प्रत्येक खोड तिरकं, वरून कापलेलं होतं आणि प्रत्येक खोडाजवळचं पील शाबूत होतं. एकही पील तुटलं नव्हतं, एकही खोड पिलावर पडू दिलं नव्हतं. ठिबकची नळी कुठे चिरलेली नव्हती. सूड घेणारा माणूस कोयता वेड्यासारखा चालवतो. त्याला पील दिसत नाही, नळी दिसत नाही, बांध तर मुळीच दिसत नाही.

मी वर बघितलं. कमलबाई बांधावर उभ्या होत्या. मी काय बघते आहे, ते त्या बघत होत्या.

५

मी आधी जळगावला गेले. खरं सांगायचं तर आबांसमोर उभं राहायचं बळ नव्हतं.

बुद्धभूषणच्या घरी पडदे ओढलेले. समीक्षा, त्याची बायको, दार उघडून म्हणाली, "बघा तुम्हीच. जेवत नाही. शाळेत पोरीला चोराची पोरगी म्हणतात, तेही ऐकून घेतो." तो खुर्चीत बसला होता. दाढी वाढलेली, समोर गार झालेला चहा.

"तुला माहीत आहे," मी म्हणाले.

त्यानं मान डोलावली.

"रविवारी सकाळीच बघितलंस तू. पिलं राखलेली, नळ्या राखलेल्या, बांधावर हात थांबलेला. आणि मला फोनवर नुसतं म्हणालास, बाग कापली. खोटारड्या!"

"शनिवारी मी त्यांना सगळं समजावलं ताई. म्हटलं, आबा, तुमच्या धुरानं यंत्र गरम राहिलं. तुमची चूक नाही, पण हे सांगावं लागेल." त्याचा आवाज बसलेला होता. "आबा म्हणाले, बारा गावं माझ्या तोंडाकडे बघताहेत, आणि त्यांची भरपाई माझ्याच बांधावरच्या धुरानं गेली? लोक जगू देतील का आम्हाला? मी म्हटलं, सोमवारपर्यंत विचार करा. त्यांनी केला विचार."

"आणि तू गप्प बसणार?"

"धूर करा असं त्यांना सांगितलं कोणी? मी. यंत्र तिथं बसवलं कोणी? मी. माझ्या सगळ्या योजनेत एकच गोष्ट मी अभिमानानं लिहिली होती, की मधला माणूस काढून टाकला. ताई, त्या यंत्राच्या दहा पावलांवर माणसं राहतात, त्यांना थंडी वाजते, ती जाळ करतात. हे मला सुचलं नाही. मला, शिंदखेड्याच्या पोराला!"

तो रडायला लागला. मीही रडले. मग मला राग आला, तसा तो नेहमी येतो आणि त्याच्यामुळेच मी आजवर टिकले.

"तू गप्प राहिलास की यंत्राचा आकडा खरा ठरतो. म्हणजे तू चोर, आणि बारा गावांची भरपाई कायमची बुडाली. धूर सिद्ध झाला तर हे यंत्र बाद करून शेजारच्या मंडळाचं तापमान धरता येतं. नियम तूच लिहिला आहेस. एका घराची अब्रू राखायला तू बारा गावं विकतोस?"

"तुम्ही आबांचं नाव घेतलंत तर मी तोंड बघणार नाही तुमचं."

असं तो पहिल्यांदाच बोलला होता माझ्याशी. मी चपला घातल्या आणि सावद्याची बस धरली.

६

आबा ओट्यावर होते. कमलबाई आत चुलीशी होत्या, दार उघडं. मी बसले नाही.

"आबा, पिलं का राखलीत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बारा गावांपुढे गरजणारा तो माणूस आपल्या हातांकडे बघत म्हणाला, "कोयता लावला व्हता पयल्या पिलाले. हात वयला नही."

"आणि पुनाची बाग? त्या ओळी उरल्या तर पुरावा उरतो, हे कळलं नाही?"

"कयलं. बांधावर उभा राहिलो लय वेय. पन दुसऱ्याची केयी कशी कापू? कज्जा हाये म्हनून काय झालं?"

ज्या हातानं बाग वाढवली होती त्याच हातानं त्यांना पकडून दिलं होतं. असा कबुलीजबाब आयुष्यात पुन्हा ऐकायची माझी इच्छा नाही.

"गुरुवारी मी बुद्धभूषणची बचाव सहायक म्हणून उभी राहणार आहे," मी म्हणाले. खात्याच्या चौकशीत निवृत्त माणसाला तसं उभं राहता येतं. "मला बोलावं लागेल."

आबा उठले आणि एकदम माझ्या पायाशी वाकले. "मॅडम, मी पुढारी. त्या पोराले मारलं लोकाइनं माह्या शब्दावर. आता म्हनू, मीच कापली? मले फास लावून घ्यावा लागंन."

"असं वाईटवंगाळ बोलू नका," मी ओरडले आणि त्यांना धरून उठवलं. आत चुलीशी कमलबाई तव्यावर करपणारी भाकरी तशीच ठेवून माझ्याकडे बघत होत्या. परतताना मी त्यांना एवढंच म्हणाले, की आबांना एकटं सोडू नका.

७

गुरुवारी जळगावला चौकशीची खोली भरलेली होती. मागच्या बाकांवर धामणखेड्याची आणि शेजारच्या गावांची माणसं, पुना भाऊसुद्धा. आबा खिडकीपाशी, मान खाली. अखिल ओठाला पट्टी लावून साक्षीला आलेला. चौकशी अधिकाऱ्यांनी बुद्धभूषणला तीनदा विचारलं, तुमच्या बचावात काही सांगायचं आहे का. तिन्ही वेळा तो म्हणाला, "नाही."

"मग आरोप मान्य समजायचा?"

मी उभी राहिले. बुद्धभूषणनं माझ्याकडे बघून हात जोडले. असे हात जोडलेले मी सहन करू शकत नाही. तरीही मी काजळीपासून सुरुवात केली. यंत्राच्या उत्तरेकडच्या तबकड्या, बांधाखालची राख, पुनाच्या बागेतल्या आजही उभ्या हिरव्या ओळी. अखिलनं काजळीची साक्ष दिली.

"धूर कोणी केला?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी हातातल्या कागदांकडे बघितलं. मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. आबा उठले असतील असं वाटलं, पण त्या कमलबाई होत्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्या सरळ टेबलापर्यंत चालत आल्या.

"धूर म्या केला," त्या म्हणाल्या. "रोज पहाटंले. हे पुढारपनाले गावोगाव मुक्कामी, घरी मी एकटी. सायब गावात आलते. मारुतीच्या पारावर उभं राहून सांगत व्हते, धूर करा, केयी वाचन. कोनी ऐकलं नही. मी ऐकलं. बांधावर बठ्ठा कचरा जायला. केयी वाचली बी." त्यांचा आवाज फाटला. "शनिवारी रातीले तीच केयी माह्या मालकानं कापली. लोकाइच्या भ्यानं. आता तुमी शिकेल मानसं सांगा मले. सरकारचं ऐकलं ते माह्यं चुकलं, का बाकीच्याइनं ऐकलं नही, ते त्याइचं चुकलं?"

अधिकाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली. खिडकीशी आबा तोंडावर उपरणं घेऊन उभे होते. बुद्धभूषण जागेवरून उठला, कमलबाईंपुढे गेला आणि म्हणाला, "अक्का, तुमचं नाही चुकलं. माझं चुकलं." भर खोलीत, सगळ्यांदेखत, ज्यांनी त्याला चोर म्हटलं त्यांच्यादेखत तो त्यांच्या पाया पडला.

यंत्राचा आकडा बाजूला ठेवायची शिफारस त्याच दिवशी झाली. पुनाच्या ओळी बघायला पथक लगेच निघणार होतं. भरपाई मिळेल असं सगळे म्हणाले. बुद्धभूषणवरचा आरोप पडला. आबांना खोट्या तक्रारीबद्दल चौकीत जावं लागणार होतं, आणि जाईन म्हणाले. जाण्याआधी ते अखिलसमोर जाऊन उभे राहिले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

मला वाटलं होतं, सुटका झाल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. कचेरीच्या आवारात गावाकडची काळीपिवळी गाडी भरली होती. आबा चौकीच्या जीपमध्ये गेले होते आणि कमलबाई गाडीच्या दाराशी एकट्या उभ्या होत्या. आतली माणसं त्यांना ओळखीची, त्यांच्या हातचं जेवलेली. कोणी खाली बघत होतं, कोणी उगाच मोबाइलमध्ये. जागा करायला कोणी हललं नाही. बुद्धभूषण पुढे व्हायला लागला, तर मी त्याचा दंड धरला. हे त्याचं काम नव्हतं, माझंही नव्हतं.

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. तेव्हा मागच्या बाकावरून पुना भाऊ कुरकुरत उठला, शेजारच्या माणसाला ढोपरानं पलीकडे सरकवलं आणि दाराबाहेर डोकं काढून म्हणाला, "बस ना वहिनी. उनात कायले उभी? गाडी जाईन."

कमलबाई चढल्या. त्याच्या शेजारी बसल्या. गाडी फाटकाबाहेर वळली.